वाकडी भिंत, सरळ स्कर्टिंग

पिंपरी-चिंचवड शहराच्या पश्चिम कडेला, मुंबई-बेंगळुरू महामार्गाला लागून असलेले ताथवडे हे मुळशी तालुक्यातील गाव २००९ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले आणि वाकड, पुनावळे, रावेत या शेजारच्या गावांप्रमाणेच तेथेही शेतजमिनींवर पाहता पाहता उंच गृहसंकुले उभी राहिली. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये आणि पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबे या सदनिकांचा ताबा घेताना खोल्यांची मापे, नळांचे पाणी, विजेची बटणे बारकाईने तपासतात. परंतु भिंतीच्या पायाशी चारी बाजूंनी फिरणाऱ्या तीन-चार इंचांच्या पट्टीकडे त्यांचे लक्ष जाते ते बहुधा कपाट भिंतीला टेकेनासे झाल्यावर किंवा पट्टीच्या वर काळी फट दिसू लागल्यावर. या पट्टीला स्कर्टिंग म्हणतात. फरशी बसवण्याच्या कामात ती सर्वांत किरकोळ मानली जाते, मजुरीतही तिचा हिशेब शेवटी होतो. मात्र भिंत सरळ आहे की नाही याचा निकाल घरातील दुसरी कोणतीही वस्तू इतक्या उघडपणे देत नाही, कारण स्कर्टिंग ही सरळ रेघ असते आणि तिच्या मागची भिंत जेथे जेथे तिच्यापासून दूर जाते तेथे तेथे ती फट नजरेस पडते.

स्कर्टिंगची कामे साधी, पण रोजची आहेत. फरशी पुसताना ओले फडके भिंतीला लागते, केरसुणीचे आणि खुर्चीच्या पायांचे धक्के बसतात, पलंग सरकवताना कोपरा घासतो. हे सारे रंगाने किंवा पुट्टीने सोसण्यासारखे नसते, म्हणून भिंतीचा तेवढा भाग टणक आणि धुता येईल अशा पदार्थाने मढवला जातो. दुसरे काम झाकण्याचे असते. फरशी शेवटपर्यंत भिंतीला चिकटवून बसवता येत नाही, कडेला थोडी मोकळी जागा राहते किंवा मुद्दाम ठेवावी लागते, आणि गिलाव्याची खालची कडही ओबडधोबड असते. या दोन्ही गोष्टी पट्टीआड जातात. मातीच्या आणि शेणाने सारवलेल्या जमिनींच्या घरांत भिंतीच्या पायाशी गेरूचा किंवा कावेचा पट्टा ओढण्याची रीत याच गरजेतून आलेली होती, कारण सारवणाचे शिंतोडे त्या पट्ट्यावर दिसत नसत आणि पट्टा पुन्हा ओढणे सोपे असे. पुढे शहाबादी फरशी आली, तिच्याच पट्ट्या भिंतीला लागल्या; मोझॅकच्या काळात स्कर्टिंगही मोझॅकचे झाले, आणि आता मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्सचे तुकडे कापून लावले जातात. गेरूचा पट्टा भिंत जशी असेल तसा वळत असे, शहाबादीच्या मागे जाड सिमेंटचा थर असल्याने थोडाफार फरक त्यात जिरून जात असे. आठ-दहा मिलिमीटर जाडीच्या, आरशासारख्या चकचकीत टाइलला मात्र भिंतीचा वाकडेपणा पोटात घेता येत नाही. साहित्य जितके नेमके होत गेले, तितकी मागची भिंत अधिक उघडी पडत गेली.

भिंत पायाशीच का वाकते

भिंतीचा दोष कोठेही असू शकतो, पण तो पायाशी अधिक आढळतो, आणि त्यामागे प्रत्येक बांधकाम पद्धतीची स्वतःची कारणे आहेत. ताथवडे-वाकड भागातील अनेक नव्या इमारती ‘मायवान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने बांधल्या जातात. या पद्धतीत विटा न रचता अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात. ओल्या काँक्रीटचा दाब पाण्याच्या दाबासारखा खोलीनुसार वाढत जातो. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो असल्याने तीन मीटर उंचीची भिंत एकदम भरली आणि ते काँक्रीट पूर्णपणे द्रवासारखे वागले असे धरले, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सात टनांहून अधिक दाब येतो. साचा आवळणारे एखादे टाय किंवा पिन सैल असेल, तर तो नेमका तळाशी फुगतो आणि काँक्रीटची भिंतही तशीच फुगून घट्ट होते. शिवाय साच्याच्या खालच्या कडेतून सिमेंटचे पाणी झिरपते, ते भिंतीच्या पायाशी गोठून ढेपाळलेली कड तयार होते, आणि ही कड छिन्नीने काढली नाही तर ती पुढे स्कर्टिंगच्याच वाटेत येते.

ज्या इमारतींत फक्त खांब आणि तुळया काँक्रीटच्या असतात, तेथे मधल्या भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या असतात. एएसी म्हणजे सिमेंट, चुना, राख किंवा वाळू यांच्या मिश्रणात हवेचे बुडबुडे निर्माण करून वाफेच्या दाबाखाली पक्के केलेले हलके ठोकळे. ठोकळे स्वतः बऱ्यापैकी मापात असतात, पण काँक्रीटचा खांब आणि ब्लॉकची भिंत या दोन वेगळ्या हातांनी केलेल्या गोष्टी एका रेषेत येतीलच असे नसते, आणि दोहोंच्या सांध्यावरील फरक गिलाव्याने भरून काढावा लागतो. गिलावा करताना गवंडी आधी भिंतीवर ठरावीक अंतराने जाडीच्या खुणा देतो, त्यांना साइटवर बुलमार्क म्हणतात, आणि मग अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी या खुणांवरून ओढून माल सपाट करतो. वरच्या भागात पट्टी दोन्ही बाजूंनी मोकळी फिरते. जमिनीलगत मात्र तिला जागा उरत नाही, खाली सांडलेला माल साचलेला असतो, गवंडी ओणवा होऊन काम करत असतो, आणि ‘इथं स्कर्टिंगच येणार आहे’ या विचाराने शेवटचे पाच-सहा इंच हाताच्या अंदाजाने थापले जातात.

पुण्याच्या परिसरात आतल्या भिंतींना वाळू-सिमेंटऐवजी जिप्समचा गिलावा करण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे, कारण तो लवकर वाळतो, त्याला पाणी मारत बसावे लागत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. जिप्सम म्हणजे पाणी धरून ठेवलेले कॅल्शियम सल्फेट. ते एका लिटर पाण्यात सुमारे दोन ते अडीच ग्रॅम विरघळते, त्यामुळे वारंवार ओल लागणाऱ्या जागी ते भुसभुशीत होते. म्हणून चांगल्या कामात जिप्समचा थर फरशीपर्यंत नेत नाहीत, स्कर्टिंगच्या उंचीएवढा पट्टा मोकळा सोडतात. या मोकळ्या पट्ट्यात वाळू-सिमेंटचा गिलावा नीट रेषेत केला तर काम सोपे होते. पण हा पट्टा जिप्समवाल्याच्या मापात येत नाही, फरशीवाल्याच्या मापातही येत नाही आणि ब्लॉकवाला तर केव्हाच निघून गेलेला असतो. साच्याची कड, ब्लॉकचा सांधा, गिलाव्याची शेवटची थाप आणि जिप्समची तुटक किनार असे चार वेगवेगळ्या कामांचे फरक त्या चार इंचांत एकत्र येतात, आणि त्या सर्वांवर सरळ रेघ मारण्याची जबाबदारी सर्वांत शेवटी येणाऱ्या माणसावर पडते.

आधी मोजमाप

मराठी कारागीर सरळपणाचे दोन भाग करतात. भिंत उभी सरळ असेल तर ती ओळंब्यात आहे असे म्हणतात, आणि आडवी, म्हणजे लांबीच्या दिशेने सरळ असेल तर ती सुतात आहे असे म्हणतात. स्कर्टिंगसाठी दोन्ही तपासावे लागतात. ओळंब्याने किंवा छोट्या लेव्हलने भिंतीचे खालचे फूटभर अंतर पाहिले की ती पायाशी पुढे आली आहे की आत गेली आहे हे कळते. सुतासाठी भिंतीच्या दोन टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून त्यांवरून दोरी ताणतात आणि दर फूट-दीड फुटावर दोरी व भिंत यांतील अंतर मोजून पेन्सिलीने भिंतीवरच लिहितात. ज्या ठिकाणी हे अंतर सर्वांत कमी भरते तो भिंतीचा सर्वांत पुढे आलेला बिंदू असतो, आणि त्यापुढचा सगळा हिशेब त्या बिंदूवरून ठरतो, कारण पट्टी भिंतीच्या आत जाऊ शकत नाही, तिला सर्वांत उंच फुगवट्याच्या पुढूनच जावे लागते.

किती फरक चालतो, या प्रश्नाचे उत्तर या औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला परिचित असलेल्या ‘टॉलरन्स’ या कल्पनेत आहे. इंजिनाच्या भागात मिलिमीटरचा शंभरावा हिस्साही मोजला जातो. बांधकामात दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपर्यंतची फट चांगल्या कामाची खूण समजली जाते. कारागिरांच्या भाषेत हे एक सूत झाले, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एक सूतभर फरक टाइलमागच्या चिकट थरात सहज सामावतो, दोन-तीन सूत असेल तर विचार करून काम करावे लागते, आणि अर्ध्या इंचाच्या पुढे गेल्यावर पट्टी लावण्याआधी भिंतच दुरुस्त करणे भाग असते.

मात्र एकूण फरक किती आहे यापेक्षा तो किती लांबीत आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते, आणि हा मुद्दा भूमितीने चांगला स्पष्ट होतो. तीन मीटर लांबीची भिंत एकसारख्या कमानीने मध्यभागी १० मिलिमीटर आत गेली आहे असे समजा. कमानीची खोली ही लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे त्या भिंतीवर ६०० मिलिमीटर लांबीचा टाइलचा तुकडा ठेवला, तर लांबी एक पंचमांश झाल्याने त्या तुकड्यामागची खोली एक पंचविसांश, म्हणजे अवघी ०.४ मिलिमीटर भरते. त्याच भिंतीवर २.४ मीटर लांबीची एमडीएफची अखंड पट्टी ठेवली, तर तिच्या मध्याशी ६.४ मिलिमीटरची पोकळी राहते. दोरीने मोजल्यावर भीतिदायक वाटणारी लांब, संथ कमान टाइलच्या कामात जवळजवळ उपद्रवी नसते, तर फूटभर अंतरात आलेला चार मिलिमीटरचा फुगवटा मोठा घोळ करतो. त्या फुगवट्यावर टाइलचा तुकडा मध्यावर टेकून दोन्ही टोकांनी उचलला जातो आणि शेजारच्या तुकड्याशी त्याची कड जुळत नाही. म्हणून मोजमापात केवळ आकडे लिहून न थांबता, फरक संथ आहे की आकस्मिक, हे ओळखावे लागते.

चुकीला जागा कोठे द्यायची

स्कर्टिंगने भिंतीची चूक नाहीशी होत नाही, ती फक्त एका जागेवरून दुसरीकडे नेता येते, आणि तिला नेण्यासारख्या जागा तीनच आहेत: भिंतीत, पट्टीच्या मागे किंवा पट्टीच्या वर. भिंतीत म्हणजे फुगवटा छिन्नीने वा ग्राइंडरने उतरवणे आणि खड्डा सिमेंटच्या मालाने भरणे. पट्टीच्या मागे म्हणजे चिकटवण्याच्या थराची जाडी कमी-जास्त करणे. पट्टीच्या वर म्हणजे पट्टी सरळ ठेवून तिच्या वरच्या कडेशी उरलेली फट पुट्टीने भरून भिंतीला हळूहळू तिच्याकडे आणणे. अनुभवी कारागीर या तिन्हींचा वापर थोडा थोडा करतो. घाईचे काम सगळा भार शेवटच्या जागेवर टाकते, आणि रंगकाम झाल्यावर काही महिन्यांत ती पुट्टी पट्टीपासून सुटून केसासारखी चीर दाखवू लागते.

भिंत दुरुस्त करताना काढण्याचे काम भरण्यापूर्वी करणे श्रेयस्कर असते, कारण एखादा फुगवटा चार मिलिमीटरने उतरवला तर संपूर्ण पट्टीची रेघ तेवढी मागे नेता येते आणि इतर सगळीकडचे भरणे कमी होते. एएसी ब्लॉक आणि गिलावा सहज उतरतो. काँक्रीटच्या भिंतीत मात्र सळयांवरचे आवरण कमी होणार नाही इतपतच ग्राइंडर चालवणे योग्य असते. भरताना खोल खड्डा एकाच थरात भरला तर माल आकसून सुटतो, म्हणून तो दोन थरांत भरून मधल्या काळात वाळू देतात, आणि भरण्याआधी त्या जागेची धूळ ब्रशने झाडून ती ओलसर करतात. जिप्समचा थर खालपर्यंत आलेला असेल, तर तेवढा पट्टा काढून टाकणे हे सर्वांत टिकाऊ असते. तो ठेवायचाच झाला तर त्यावर प्रायमर लागतो, कारण जिप्सममधील सल्फेट आणि सिमेंटमधील अ‍ॅल्युमिनेट ओलीत एकत्र आले की फुगणारे स्फटिक तयार होतात आणि सांधा आतून सुटतो.

टाइलचे तुकडे कापण्यातही हिशेब असतो. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या टाइलमधून चार इंची सहा पट्ट्या काढताना पाच काप पडतात आणि प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढा, साधारण दीड-दोन मिलिमीटर, भाग भुकटी होऊन जातो. म्हणून पट्टी नेमकी १०० मिलिमीटरची न येता सुमारे ९८ मिलिमीटरची येते, आणि सर्व पट्ट्या सारख्या हव्या असतील तर माप आधीच त्याप्रमाणे धरावे लागते. या सहांपैकी फक्त बाहेरच्या दोन पट्ट्यांना कारखान्यातून आलेली सफाईदार कड असते, उरलेल्या चारींच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात. वरची कड कायम दिसणार असल्याने ती घासून गुळगुळीत करतात, या कामाला बाजारात मोल्डिंग म्हणतात. ज्या टाइलवर नक्षी केवळ वरच्या छापील थरात असते तिची कड कापल्यावर आतला वेगळा रंग दिसतो. ज्या टाइलमध्ये रंगीत मातीचाच तीन-चार मिलिमीटरचा थर असतो तिची कड अधिक बरी दिसते. तीन बाय चार मीटरच्या खोलीत एक दरवाजा वगळता सुमारे १३ मीटर स्कर्टिंग लागते, म्हणजे २२ तुकडे, म्हणजे केवळ चार टाइल्स. साहित्याचा खर्च इतका कमी असताना कापण्यात आणि घासण्यात काटकसर करणे हे शहाणपणाचे नसते.

लावण्याचे काम एका कोपऱ्यातून सुरू करून पुढे सरकत न जाता, आधी दोन्ही टोकांचे तुकडे लावून त्यांच्या वरच्या कडेवर दोरी ताणून करतात, म्हणजे मधले तुकडे शेजाऱ्याच्या भरवशावर न राहता दोरीच्या भरवशावर बसतात. फरशीचे सांधे आणि स्कर्टिंगचे सांधे एकमेकांच्या रेषेत आणायचे असतील तर तुकड्यांची मांडणी कोरडीच करून पाहावी लागते. तुकडा फरशीवर थेट न टेकवता खाली दोन मिलिमीटरचा स्पेसर ठेवला तर फरशीच्या लहानसहान उंचसखलपणाचा परिणाम वरच्या कडेवर होत नाही, आणि ती फट नंतर ग्राउटने किंवा सिलिकॉनने भरता येते.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही. तिचे शोषण वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. जुन्या सिमेंट टाइल्स पाण्यात भिजवून सिमेंटच्या रबडीवर बसवत, कारण रबडी त्यांच्या छिद्रांत शिरून पकड घेत असे. व्हिट्रिफाइडला अशी छिद्रे नसल्याने तिला पॉलिमर मिसळलेले टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागते, आणि अशा अ‍ॅडहेसिव्हची वर्गवारी आयएस १५४७७ या भारतीय मानकात केलेली आहे. ते दातेरी थापीने भिंतीवर पसरून पाठीवरही पातळ थर दिला की तुकडा पूर्ण पकडतो. प्रत्यक्षात मात्र वाकड्या भिंतीवर तुकडा पुढे-मागे करणे सोपे जावे म्हणून मागे मालाचे चार-पाच गोळे ठेवून तो दाबण्याची सवय दिसते. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते, व्हॅक्यूम क्लीनरचा किंवा ट्रंकेचा धक्का लागला की तुकडा तेथेच तडकतो, आणि पोकळीत मुंग्या व झुरळांना कायमचा आसरा मिळतो. हे सर्व मुख्यतः मजुरीच्या पद्धतीतून येते: स्कर्टिंगचे पैसे रनिंग फुटावर ठरतात, आणि सरळ भिंतीचा फूट आणि वाकड्या भिंतीचा फूट यांचा दर एकच असतो. भिंतीची दुरुस्ती स्वतंत्र बाब म्हणून हिशेबात धरली नाही तर ती होत नाही.

लाकडी पट्टीचा वेगळा न्याय

लॅमिनेट किंवा लाकडी फरशी असलेल्या खोल्यांत स्कर्टिंगही एमडीएफ, पीव्हीसी, पॉलिस्टायरिन किंवा लाकडाचे असते. येथे फरशीच्या कडेला आठ-दहा मिलिमीटरची मोकळी जागा सोडावीच लागते, कारण पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ती जागा झाकण्याइतकी पट्टी जाड हवी, आणि पट्टी भिंतीला बांधली जावी, फरशीला नव्हे, अन्यथा फरशीची हालचाल अडते.

लांब पट्टीला टाइलपेक्षा एक सोय जास्त असते, ती थोडी वाकते. भिंत आत गेलेली असेल तर गिट्टी ठोकून, म्हणजे स्क्रूला धरणारी प्लास्टिकची नळी भिंतीत बसवून, मध्यभागी स्क्रूने पट्टी आत ओढता येते. भिंत पुढे आलेली असेल तर पट्टीच्या दोन्ही टोकांना ओढावे लागते, आणि टोकाजवळचा स्क्रू लाकूड फाडण्याची शक्यता असते. जास्त फरक असल्यास सुतार आधी भिंतीवर पातळ रीप मारतो, तिच्या मागे जागोजागी पाचरी किंवा पॅकिंग घालून ती दोरीत आणतो आणि मग स्कर्टिंग त्या रिपेवर ठोकतो. भिंत कशीही असली तरी पट्टीला टेकायला सरळ पाठ मिळते. अनेक तयार पट्ट्यांच्या मागे उथळ खोबण ठेवलेली असते, तिचाही उद्देश हाच की पट्टी फक्त वरच्या आणि खालच्या कडेने टेकावी व मधला खडबडीतपणा आड येऊ नये.

फरशी उंचसखल असेल तर पट्टीच्या खालच्या कडेला तिचा आकार द्यावा लागतो. पट्टी लेव्हलमध्ये उभी धरून, सर्वांत मोठ्या फटीएवढा उघडलेला कंपास फरशीवर टेकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला की त्याची पेन्सिल पट्टीवर फरशीचीच रेघ उमटवते. त्या रेघेपर्यंत रंधा मारला की पट्टीची खालची कड फरशीशी तंतोतंत मिळते आणि वरची कड सरळ राहते. या पद्धतीला इतर कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, पण पट्टीची उंची थोडी जास्त घ्यावी लागते, कारण खालून काही मिलिमीटर कमी होणार असतात.

कोपरे आणि चौकटी

कोपरा नव्वद अंशांचा असतो ही समजूत नकाशापुरती खरी आहे. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडण्याची रीत आहे; कोपरा ९२ अंशांचा निघाला तर १५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत या सांध्याला सुमारे पाऊण मिलिमीटर फट पडते, आणि ती प्रकाशात ठळक दिसते. म्हणून गुण्या लावून कोन मोजावा आणि त्याच्या निम्म्याने, म्हणजे येथे ४६ अंशांत, दोन्ही पट्ट्या कापाव्यात. आतल्या कोपऱ्यात लाकडी पट्टीसाठी याहून बरी रीत अशी की एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत नेऊन दुसरीच्या टोकाला पहिलीच्या पृष्ठभागाचा आकार कोरून ती तिच्यावर बसवायची, म्हणजे कोन कितीही असला तरी सांधा उघडत नाही. टाइलच्या आतल्या कोपऱ्यात एक तुकडा दुसऱ्याच्या तोंडावर सरळ टेकवतात. बाहेरच्या कोपऱ्यात मात्र ४५ मारताना पुढची चकाकी उडू नये म्हणून कड पूर्ण धारदार न करता अर्धा-एक मिलिमीटर जाडी राखतात.

दाराच्या चौकटीशी वेगळा पेच येतो. स्कर्टिंग चौकटीच्या पुढे आले तर त्याची कच्ची बाजू उघडी पडते. म्हणून वाकड्या भिंतीवर पट्टी किती पुढे येणार याचा हिशेब चौकटीपासून उलटा करावा लागतो, आणि तो आधीच जमला नाही तर त्या भिंतीचा फुगवटा उतरवण्यावाचून पर्याय उरत नाही. काही घरमालक पट्टी भिंतीच्या पातळीतच बसवण्याचा आग्रह धरतात, कारण मग कपाटे आणि पलंग भिंतीला नीट टेकतात. ती मागणी रास्त आहे, पण तीत चुकीला लपायला जागाच राहत नाही. पुढे आलेली पट्टी आणि भिंत यांतील दोन मिलिमीटरचा फरक नजरेतून सुटतो. सपाटीत बसवलेल्या पट्टीच्या वर तोच फरक कधी पायरी, कधी सावली म्हणून दिसतो. म्हणून अशा कामात जिप्समचा थर आणि पट्टी यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटरची मुद्दाम खाच ठेवतात, जेणेकरून दोन पृष्ठभागांची तुलना डोळ्याला करता येत नाही.

ओलीच्या जागा

बाल्कनी, गच्ची आणि न्हाणीघर यांत स्कर्टिंगचे काम शोभेपेक्षा पाणी अडवण्याचे अधिक असते. तेथे फरशीला उतार दिलेला असतो, त्यामुळे पट्टीची वरची कड उताराला समांतर ठेवायची की लेव्हलमध्ये, हे आधी ठरवावे लागते. लेव्हलमध्ये ठेवल्यास पट्टीची उंची एका टोकाला वाढत जाते, आणि तुकडे त्याप्रमाणे तिरपे कापावे लागतात. भिंत व स्लॅब यांच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार, ज्याला साइटवर वाटा म्हणतात, आधी केलेला असतो. तो पट्टी नीट बसावी म्हणून छिन्नीने तोडला जातो, आणि पुढच्या जून-जुलैच्या पावसात शेजारच्या खोलीची भिंत फुगते. वाटा न तोडता पट्टी थोडी पुढे घेणे, किंवा पट्टीची खालची मागची कड त्याच्या गोलाईएवढी घासणे, हाच येथे बरा मार्ग असतो. एमडीएफची पट्टी अशा ठिकाणी किंवा न्हाणीघराच्या दारालगत लावू नये, कारण ती खालच्या कापलेल्या कडेतून पाणी ओढते आणि फुगल्यावर पूर्ववत होत नाही.

ताबा घेताना

सदनिका ताब्यात घेताना स्कर्टिंग तपासणे अवघड नाही. नाण्याने किंवा बोटाच्या पेराने प्रत्येक तुकड्यावर टोकले की भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कळतो. मोबाइलचा दिवा भिंतीला लगटून जमिनीलगत धरला की फुगवटे आणि पुट्टीची भर सावलीने दिसते. जेथे कपाटे, मॉड्युलर किचन किंवा पलंग येणार आहेत त्या भिंतींचा सरळपणा पट्टी लावून पाहावा, कारण फर्निचर बसवणारा कारागीर नंतर तोच फरक स्वतःच्या पट्ट्यांनी झाकणार असतो आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष किंवा कारागिरीतील उणीव विकासकाच्या निदर्शनास आणून दिली, तर त्याने ती विनामूल्य आणि ३० दिवसांच्या आत दुरुस्त करावयाची असते. पोकळ वाजणारे तुकडे या कारागिरीच्या उणिवेत मोडतात. त्यांची नोंद फोटोंसह लेखी दिली तर मागणीला आधार राहतो.

दुरुस्तीपेक्षा क्रम बदलणे मात्र नेहमीच स्वस्त पडते. गिलाव्याच्या वेळीच खालच्या फूटभर पट्ट्याला दोरी लावली, साच्याच्या कडा त्या आठवड्यातच छिन्नीने काढल्या आणि जिप्सम कोठे थांबवायचे याची रेघ भिंतीवर आधी मारून दिली, तर फरशीवाल्याला तुकडे लावण्याखेरीज दुसरे काही करावे लागत नाही. स्वतःचे घर बांधणाऱ्याने किंवा सदनिकेचे आतील काम करून घेणाऱ्याने कंत्राटात त्या चार इंचांची जबाबदारी नावानिशी कोणा एकावर टाकावी आणि त्याची मजुरी वेगळी लिहावी. तसे केले नाही तर ती शेवटच्या माणसावर पडते, आणि त्याच्या हाती तोपर्यंत पुट्टीखेरीज काही उरलेले नसते.